हृदय बरे झाले, मग रुग्ण बरळू का लागले?

१/ सप्टेंबर १९६०, अमेरिकेतील पोर्टलंड. शल्यविशारद अल्बर्ट स्टार यांनी एका रुग्णाच्या हृदयात कृत्रिम मायट्रल झडप बसवली. पिंजऱ्यात वरखाली होणारा एक चेंडू, अशी तिची रचना होती. अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्यासह घडवलेल्या या झडपेने असंख्य रुग्णांना जीवदान दिले. या विजयगाथेतील एक झाकोळलेले प्रकरण आज पाहू. 🧵

२/ शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शुद्धीवर येई, नीट बोले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र त्याला नसलेल्या आकृत्या दिसू लागत, परिचारिका आपल्या जिवावर उठल्या आहेत असे वाटे. आपले पूर्वज याला ‘वातात बरळणे’ म्हणत; वैद्यकशास्त्रात हा डिलिरियम.

३/ पहिला संशय रुग्णाच्या मनावर गेला. त्या काळी धडधडत्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी करीत. १९५४ मध्ये फॉक्स, रिझो व गिफर्ड यांनी अशा रुग्णांची निरीक्षणे मानसिक ताणाचा अभ्यास म्हणूनच मांडली.

४/ १९६४ मध्ये मनोविकारतज्ज्ञ ब्लॅकली यांच्यासह खुद्द स्टार यांनीच या भ्रमावर शोधनिबंध लिहिला. त्यांच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना तो झाला होता. आपल्याच यशाचा हा हिशेब त्यांनी लपवला नाही.

५/ १९६५ मध्ये कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांचे लक्ष खोलीकडे गेले. अखंड प्रकाश, यंत्रांचा आवाज, दर थोड्या वेळाने मोडणारी झोप: अशा जागी दिवस-रात्रीचे भान कसे राहावे? रुग्णाला सलग झोप मिळू द्या, असा त्यांचा आग्रह होता.

६/ त्याच वर्षी सिड गिलमन यांनी खुल्या हृदयशस्त्रक्रियेनंतरचे मेंदूचे विकार नोंदवले. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी यशस्वी केलेल्या हृदय-फुफ्फुस यंत्रामुळे हृदय थांबवून उघडता येऊ लागले होते. पण यंत्रातील सूक्ष्म बुडबुडे, रक्ताच्या गुठळ्या आणि झडपेवरील कॅल्शियमचे कण रक्तासोबत मेंदूत पोहोचू शकत. पुढे यंत्राच्या नळीत गाळण्या बसल्या.

७/ २००२ मध्ये फ्रान्समधील रूआं येथे अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन महाधमनीची झडप बसवली. यंत्र गेले, कण राहिले. २०१० मधील एका एमआरआय अभ्यासात अशा बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत नव्या, बहुतांशी लक्षणविरहित जखमा आढळल्या. कण अडवणाऱ्या जाळ्याही आल्या. पण २०२२ आणि २०२५ च्या मोठ्या चाचण्यांत त्यांनी पक्षाघाताचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटवल्याचे दिसले नाही.

८/ मन, खोली, यंत्र: तिन्ही संशयितांवर काही ना काही दोष सिद्ध झाला, पण एकटा गुन्हेगार कोणीच ठरला नाही. वय, आधीची स्मृतिदुर्बलता आणि औषधे यांचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच आज रुग्णाला चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच परत देतात, रात्री दिवे मंद करतात, घरच्या माणसाला उशाशी बसू देतात. साठ वर्षांपूर्वी ज्या बोलण्याला केवळ भीती मानले गेले, ते बोलणे आता मेंदूच्या प्रकृतीची खूण म्हणून नोंदवले जाते.