हलकं धिरडं, मोसंबी आणि चमचाभर सोडा

"डॉक्टर, मीठ सोडलं तरी पायाची सूज उतरेना." शहागडच्या एका आजींची ही तक्रार. हृदय कमकुवत, पण गोळ्या वेळेवर. सकाळी काय खाता, असं विचारलं. "हलकंच. सूनबाई मोसंबीचा रस घालून धिरडी करते. सोड्यानं छान फुलतात." सोडा किती? "चमचाभर." बाकीची धिरडी घरचे खातात का? "छे, त्यांना पोळी लागते."

धिरड्याची जातकुळी जुनी आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात डाळीच्या वाटणाचा 'धोसक' येतो. डोशाचा हा पूर्वज आपल्या धिरड्याचाही नातलगच. पीठ हलकं करायची जुनी युक्ती म्हणजे रात्रभर थांबणं. भिजवलेल्या डाळीत जिवाणू वाढतात, आंबटपणा आणि वायू तयार करतात, आणि तव्यावर जाळी पडते.

खाण्याचा सोडा त्यामानाने नवा. अमेरिकेत १८४६ च्या सुमारास तो घरगुती वापरासाठी पुड्यांतून विकला जाऊ लागला. रात्रभराचं काम मिनिटात होऊ लागलं, पण त्याला जोडीला आम्ल लागतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्येच वेगळं केलं होतं. सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. फ्रूट सॉल्टची फसफसही तीच.

आता आपली मोसंबी. नाव मोझांबिकवरून आलेलं, पण जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालून बागा जगवणारे शेतकरी माझ्याकडे पाठदुखी घेऊन यायचे. तेव्हापासून हे फळ वाया घालवणं मला जमत नाही. मात्र मोसंबी गोड लागते ती आम्ल कमी असल्यामुळेच. त्यामुळे तिच्या रसाने सोडा पुरता फसफसत नाही, उरतो, धिरडं साबणासारखं लागतं. शिवाय काढून ठेवलेला रस कडू होतो आणि तव्याच्या उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्वही बरंच जातं.

खरी गोम सोड्यातल्या सोडियमची. ५ ग्रॅम, म्हणजे साधारण चमचाभर सोड्यात सुमारे १,३७० मिलिग्रॅम सोडियम असतं. साडेतीन ग्रॅम मिठात असतं तेवढंच. निरोगी प्रौढानेही दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमीच घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजींनी मीठ दारातून घालवलं होतं, ते खिडकीतून परत आलं.

सूनबाईंना सांगितलं ते असं: मूग आणि थोडी उडीद डाळ भिजवून वाटा, रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पळीने चांगलं फेटा. मोसंबी स्वच्छ धुऊन वरची रंगीत साल जेमतेम अर्धा चमचा किसून घाला; सुगंधी तेल तिथेच असतं, आतला पांढरा भाग मात्र कडू. तवा नीट तापू द्या. आंबटपणा हवा असेल तर लिंबू वाढताना पिळा. मोसंबीच्या फोडी बाजूला ठेवा. मधुमेह असेल तर मोजक्याच.

आजींचा सोडा आणि फ्रूट सॉल्ट दोन्ही बंद केलं. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि खाण्याआधी, वजन वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा झोपल्यावर दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात यायचं.