बियाणं धानाचं आणि संगणकाचं

आपण आरमोरीच्या बाया, आपल्याला धान सांगावं लागत नाही. म्हणून आजची संगणकाची गोष्ट आम्ही बांधीतूनच सुरू करतो.

चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या धानात तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या. तेच बारीक दाण्याचं एचएमटी धान. बियाणं हातोहात गावोगाव पोचलं, पण श्रेयासाठी दादाजींना झगडावं लागलं.

त्याच १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी संगणक चालवणारी मोकळी प्रणाली बनवण्याचं जाहीर केलं. १९९१ साली फिनलंडचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी तिला हवा असलेला गाभा लिहिला, तो लिनक्स. तो सर्वांना खुला केला, पण कागदावर अट घालून : वापरा, बदला, वाटा, मात्र बदललेलं वाटाल तर पुढच्यालाही तीच मोकळीक द्या आणि आधी लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. दादाजींच्या बियाण्याला अशी अट असती तर!

हे आपल्यापासून लांब नाही. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेनं ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली काढली, तीत मराठीतही काम करता येतं.

आमच्या गटाचा संगणक जुना. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, तेव्हा नवीन संगणक घ्या असा सल्ला मिळाला. बचतीतून एवढे पैसे कुठून काढायचे? आम्ही लिनक्स टाकलं. परवान्याचा एक रुपया लागला नाही. हप्त्यांचा हिशेब आता लिब्रे ऑफिसमध्ये ठेवतो. अडचणीही आल्या. प्रिंटर पहिल्या दिवशी चालला नाही आणि विंडोजसाठीच बनलेली काही सॉफ्टवेअर इथे चालत नाहीत.

तुम्हाला करायचं असेल तर आधी सगळा हिशेब दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. मग लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा, जुनं काही पुसावं लागत नाही. जमलं तर शेजारच्या गटालाही द्या. बियाणं वाटल्यानं कमी होत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.