साष्टीची 'बापखादी' आणि आदिबंधात्मक अर्थनिर्णयन : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरे जुन्या साष्टी बेटावर वसलेली आहेत. या बेटावर १५३४ मध्ये पोर्तुगीजांची, १७३७ मध्ये मराठ्यांची व १७७४ मध्ये इंग्रजांची सत्ता आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज डी'पेन्हा यांनी येथील मौखिक कथा 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात 'फोकलोर इन साल्सेट' या शीर्षकाखाली क्रमशः प्रसिद्ध केल्या. परीकथांचा अर्थ आदिबंधांच्या आधारे लावण्याची पद्धत आपल्या समीक्षेत रूढ आहे. स्थानिक कथांच्या बाबतीत ती कितपत पुरेशी ठरते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आदिबंधाची संकल्पना

कार्ल युंग यांच्या मते माता, छाया, ज्ञानी वृद्ध इत्यादी आदिबंध सामूहिक नेणिवेत असतात. आदिबंध ही तयार प्रतिमा नसते. ती आकार घेण्याची केवळ शक्यता असते, हे स्पष्ट करण्यासाठी त्यांनी स्फटिकाच्या अक्षरचनेचा दृष्टांत दिला. मारी-लुईझ फोन फ्रांझ यांनी १९७० मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत परीकथेला सामूहिक नेणिवेची सर्वांत निर्भेळ अभिव्यक्ती मानले. हा निर्भेळपणाचा दावाच इतिहासाच्या अभ्यासकाने तपासावयास हवा.

कथा आणि कथनकर्ती

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या १८६५-६६ च्या दौऱ्यात त्यांची कन्या मेरी फ्रिअर हिने आपल्या आयेकडून कथा ऐकल्या व १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी 'सोदेवाबाई' या कथेतील राजकन्येचा प्राण गळ्यातील सोन्याच्या हारात असतो. हरवलेल्या पादुकेमुळे तिचा विवाह होतो. सवत हार चोरविते. राजकन्या दिवसा मृत असते व रात्री जिवंत होते. अखेर तिचे मूल तो हार परत मिळविते. आदिबंधात्मक वाचनात हार आत्मतत्त्वाचे, सवत छायेचे व मूल नवजन्माचे रूप ठरेल. हे वाचन चुकीचे नाही. परंतु बहुपत्नीक घरातील सवत ही श्रोत्या स्त्रियांच्या परिचयाची व्यक्ती होती. तिला केवळ छाया म्हटल्याने त्या घरातील सत्तासंबंध दृष्टीआड होतात.

ही कथा सांगणारी अ‍ॅना लिबेराता डिसूझा ही ख्रिस्ती आया होती. तिच्या घराण्याचे मूळ लिंगायत होते. ती विधवा होती व तिचा मुलगा बुडून मरण पावला होता. आजीकडून ऐकलेल्या कथा तिने इंग्रजीत सांगितल्या व मेरीने त्या लिहिल्या. मृत आई आपल्या बाळासाठी रात्री जिवंत होते, हा प्रसंग अशा स्त्रीच्या मुखातून आला आहे, याची नोंद अर्थनिर्णयनात घ्यावयास नको काय?

'बापखादी'चे वर्गीकरण

डी'पेन्हा यांच्या कथांपैकी 'बापखादी' ही सिंड्रेला-प्रकारातील कथा होय. मारियन रोआल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्ये या प्रकारची ३४५ कथारूपे संकलित केली. त्यांत तिचा समावेश झाला. तुलनेसाठी हे कार्य मोलाचे आहे. मात्र 'बापाला खाणारी' हा शब्द मराठी कानाला प्रथम शिवीसारखा लागतो. घरावरील अरिष्टाचा दोष मुलीच्या माथी मारणारी मानसिकता त्यातून जाणवते. सिंड्रेलाच्या सार्वत्रिक साच्यात ही छटा उरत नाही. दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांचा शोध चव्हाट्यांवर व जुन्या वाटांवर घेतला. कथेच्या अभ्यासालाही अशा भूमीची गरज आहे.

निष्कर्ष

कथा दूरदूरच्या प्रदेशांत सारख्या का आढळतात, याचे एक उत्तर आदिबंध देतो. ती येथे, या स्त्रीने, या शब्दांत का सांगितली, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. युंग यांच्याच दृष्टांतानुसार स्फटिक द्रावणात वाढतो, आणि लोककथेचे द्रावण म्हणजे तिचा समाज. म्हणून कथनकर्ती, बोली, संकलक व काळ यांची नोंद प्रथम व्हावी आणि आदिबंधाचा विचार त्यानंतर व्हावा. साष्टीतील गावठाणे उपनगरांतील महाविद्यालयांच्या परिसरातच आहेत. तेथे कथा सांगणाऱ्यांच्या नावानिशी संकलनाचे काम प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी हाती घेणे अगत्याचे आहे.