वादळी वयाची कुळकथा

मराठवाड्यातल्या नायगाव बाजारच्या एखाद्या शाळेत पालक मेळावा असला की आठवी-नववीच्या लेकरांवर बोलताना कुणीतरी सर सांगतातच, "हे वय वादळी असतं, सांभाळून घ्या." सरांनी ते बी.एड.च्या गाइडात वाचलेलं असतं. गाइडात ते आलं स्टॅन्ले हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडून. त्याच्याही मागं एक जर्मन नाटक आहे.

फ्रीडरिश क्लिंगरचं हे नाटक १७७६ सालचं. 'वादळ आणि ताण' अशा अर्थाच्या त्याच्या नावावरून तिथल्या तरुण लेखकांची एक बंडखोर पिढीच ओळखली जाऊ लागली. भावनांचा कल्लोळ, प्रस्थापितांशी उभा दावा, सगळंच टोकाचं. १९०४ साली हॉलनं किशोरवयावर दोन जाडजूड खंड काढले, तेव्हा या वयाला त्यानं तेच नाव चिकटवलं.

त्याचा सिद्धांत असा, की मूल वाढताना मानवजातीचा सगळा प्रवास नव्यानं करतं आणि किशोरवय म्हणजे रानटीपणातून सभ्यतेत शिरतानाची ओढाताण. म्हणून वादळ अटळ, उपजतच. याच तर्कानं शेवटच्या प्रकरणात तो वसाहतींमधल्या समाजांना 'किशोरवयीन वंश' ठरवून मोकळा झाला. म्हणजे नायगावची शंभर वर्षांची म्हातारीही त्याच्या हिशेबात अजून वयात यायची होती! आपल्या गाइडांनी हे प्रकरण गाळलं आणि वादळ तेवढं ठेवलं. मुळं मात्र दोन्हींची एकच.

मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीडनं १९२८ मध्ये सामोआ बेटांवरच्या मुलींचा दाखला देऊन हॉलच्या मताला छेद दिला. तिच्या निष्कर्षांवरही पुढं बराच वाद झाला. १९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी सगळा पुरावा पुन्हा तपासला : आईवडिलांशी खटके, मनाचे चढउतार, धाडसी वागणं या वयात जास्त दिसतं, पण प्रत्येकात नाही, आणि सगळ्या समाजांत सारखंही नाही.

मला वाटतं, वादळापेक्षा शाळेकडं बघावं. हॉल लिहीत होता तेव्हा अमेरिकेत हायस्कुलं भराभर वाढत होती. आपल्याकडं निजामाच्या काळात बहुतेक घरांत पोरगी लवकर सासरी जायची, पोरगा औतामागं. मधल्या वयाला जागाच नव्हती. ती जागा दहावी-बारावीनं केली, आणि मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एस.टी.नं मुलींसाठी ती आणखी वाढवली.

या मधल्या वयाला आता सरकारी कागदावरही जागा आहे : किशोरवय म्हणजे १० ते १९ वर्षं. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य आहे, व्यसनं आहेत, हिंसा आहे. पण यादी सुरू होते पोषणापासून. रक्तक्षयावर शाळेत आठवड्याला लोहाची एक निळी गोळी मिळते, आणि ती रिकाम्या पोटी घ्यायची नाही, हे सरांनाच सांगावं लागतं.