रोमी अक्षरांतला जव्हार

मराठी नाव रोमी लिपीत उतरले की त्याचा उच्चार वाटेत कोठे सांडतो, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे वळावे. इंग्रजी पाटी वाचणारा पाहुणा 'जव्हार'चा हमखास 'जवाहर' करतो, आणि वर त्याचा पंडितजींशी संबंधही जोडतो.

आपणा वसईकरांना हा अनुभव जुना आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या लेखणीत 'बसाईं' झाली. तेच नाव इंग्रजांनी आपल्या वळणाने 'बसीन' केले आणि १८०२ चा तह त्याच नावाने इंग्रजी इतिहासात बसला. इंग्रज असूनही फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठी रोमी लिपीत उतरवताना पोर्तुगीज रीत स्वीकारली. तीत 'श' हा 'एक्स' या अक्षराने लिहितात. संत फ्रान्सिस यांच्या आडनावातला आद्य वर्णही तोच. पोर्तुगीज तेथे 'श' म्हणतो, इंग्रज 'झेवियर' म्हणतो, आणि कित्येक इंग्रजी शाळांत 'एग्झेवियर' ऐकू येते. अक्षर एकच, पण ते कोणत्या भाषेच्या मापाने लिहिले होते, हे वाचणारा विसरतो.

जव्हारचेही तसेच झाले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने ही नावे निगुतीने उतरवली होती. 'जव्हार'मधला 'हा' आणि 'मोखाडा'मधला 'खा' दीर्घ आहेत, हे कळावे म्हणून 'ए' या अक्षरावर तिरकी रेघ दिलेली आहे. पुढे रोजच्या लिखाणात रेघ गळाली, अक्षरे तेवढी उरली. त्यातून 'डब्ल्यू' आणि 'एच' एकत्र आले की बहुतेक इंग्रज 'एच' उच्चारतच नाहीत. आपण मराठीत 'व्हाइट' असे लिहून तो 'ह' त्यांना परत करतो, ही गंमत निराळी!

वारली समाजाच्या नावाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. गॅझेटियरात ते 'व्ही'ने आरंभते. यशोधरा दालमिया यांचे १९८८ चे 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' हे पुस्तक 'डब्ल्यू' वापरते, आणि चित्रकलेबरोबर हेच रूप जगभर गेले. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तोवर ते रूढ झाले होते. परंतु इंग्रजीत 'डब्ल्यू'नंतरचा 'ए' बहुधा गोल होतो; 'वॉर', 'वॉटर' हे शब्द पाहा. म्हणून परका वाचक 'वॉर्ली' म्हणतो, आणि इंग्रजीत 'ळ' नसल्यामुळे ते मुंबईच्या वरळीच्या इंग्रजी नावाशी जाऊन मिळते. डोंगरातला समाज अशा रीतीने समुद्रकाठी येतो.

कायद्याच्या यादीत मात्र अजून 'व्ही'च आहे. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशातील नोंद जशी छापली तशीच वाचावी, चौकशी करून तीत दुसरे नाव घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००० रोजी हलबा-कोष्टींच्या खटल्यात सांगितले. तेव्हापासून एकेका इंग्रजी अक्षराचे वजन वाढले. 'ओराँव, धनगड' या नोंदीतला शेवटचा वर्ण 'ड' की 'र', यावर धनगर समाजाने वर्षानुवर्षे वाद मांडला. आदिवासी संघटनांनी त्याला तितकाच कडवा विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये धनगरांच्या याचिका फेटाळल्या. हा प्रश्न केवळ अक्षराचा नाही, हे उघडच आहे. दोन्ही बाजूंना मुलांच्या शिक्षणाची आणि नोकरीची चिंता आहे.

जव्हार-मोखाड्यातील कातकऱ्यांची नोंद आम्हांला या दृष्टीने फार बोलकी वाटते. खैरापासून कात काढणारे, म्हणून काथोडी किंवा कातकरी. इंग्रज व्यापाऱ्याने त्याच काताला मलयातील 'काचू'वरून 'कॅटेचू' म्हटले आणि काढणाऱ्यांचे नाव अधिकाऱ्यांवर सोपवले. रोमी लिपीत 'त' आणि 'ट' या दोहोंना एकच 'टी', त्यामुळे 'कटकरी' असे वाचणारेही भेटतात. यादीतील त्या एकाच नोंदीत 'कातकरी' आणि 'सोन कातकरी' यांना 'टी'पुढे 'एच' नाही. 'ढोर कातकरी'ला मात्र आहे.