साखळदंड, दवा आणि दुआ

६ ऑगस्ट २००१ची पहाट. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, एरवाडीच्या दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. आत चाळीसहून अधिक रुग्ण होते आणि त्यातल्या अनेकांचे पाय साखळीनं बांधलेले होते. २८ जण होरपळून मेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या खटल्याच्या नावात मृतांचा आकडा २५ आहे. आकडा पुढं वाढला, नाव तसंच राहिलं.

ही बातमी आमच्या घरी आली, तेव्हा अम्मीनं वर्तमानपत्राची घडी घालून ते कपाटात ठेवलं. कारण फुफी शेजारच्या खोलीत होती.

फुफीला रात्र-रात्र झोप नसायची. कुणीतरी नाव घेऊन हाका मारतंय, असं ती म्हणायची. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, 'असर' आहे. मग दर जुमेरातीला एसटीनं दर्ग्याला जाणं सुरू झालं. ताबीज, पाणी, धागा. असे अकरा वर्षं गेले. या काळात कुणीही, अगदी शिकलेल्या माझ्या अब्बांनीही, डॉक्टरचं नाव काढलं नाही.

पुढं मी इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळलं की ज्या परंपरेच्या नावावर हे सगळं चाललं होतं, ती परंपरा वेगळंच काही सांगते.

बल्ख शहरातला अबू ज़ैद अल-बल्खी हा विद्वान इ.स. ९३४मध्ये वारला. त्यानं शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. दुःखाचे त्यानं दोन प्रकार सांगितले. एकाला कारण असतं, दुसऱ्याला उघड कारण सापडत नाही. तो शरीरातून येतो आणि त्यावर औषधोपचार करावा लागतो. घरात जशी औषधं जपून ठेवतो, तसे धीराचे विचार माणूस बरा असतानाच मनात साठवावेत, असं तो सांगतो. यात कुठंही जिन्न-भूत नाही. हे लिखाण हजार वर्षांपूर्वीचं आहे.

'बिमार' हा शब्द आपण मराठीतही वापरतो. त्यावरूनच 'बीमारिस्तान', म्हणजे आजाऱ्यांचं ठिकाण. दमास्कसमध्ये नूरुद्दीननं ११५४मध्ये, कैरोत सुलतान कलावूननं १२८४मध्ये असे दवाखाने उभारले. कैरोचा दवाखाना गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सगळ्यांना खुला होता, आणि त्याचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा. मनोरुग्णांसाठी तिथं वेगळा विभाग होता. अलेप्पोत १३५४च्या बीमारिस्तानात मनोरुग्णांच्या खोल्या अंगणाभोवती आणि कारंज्याभोवती बांधल्या गेल्या. एदिर्नेत बायज़ीद दुसरा याच्या १४८८च्या शिफाखान्यात रुग्णांसाठी गवयी-वादक नेमलेले होते. एवलिया चेलेबी या प्रवाशानं त्याचं वर्णन केलंय.

आपल्या दख्खनमध्येही बिदरला बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा यानं दवाखाना बांधला. तो खास मनोरुग्णांसाठी नव्हता. पण त्याच्या खर्चाला गावं लावून दिली होती आणि तिथं मुस्लिम व हिंदू दोन्ही वैद्य नेमले होते, असं फरिश्ता नोंदवतो.

हे सांगून छाती फुगवायची माझी इच्छा नाही. कारण अर्धा इतिहास सांगणं हीदेखील लबाडीच. इब्न जुबैर हा प्रवासी ११८४मध्ये दमास्कसला आला. मनोरुग्णांवर तिथं उपचार होतात, हे त्यानं लिहिलं आणि त्यांना साखळ्यांनी बांधतात, हेही लिहिलं. म्हणजे साखळी तेव्हाही होती. फरक इतकाच की साखळीसोबत हकीम होता. एरवाडीत साखळी उरली आणि हकीम गेला.

तो का गेला? इंग्रजांच्या काळात वेड्यांसाठी उंच भिंतींची इस्पितळं झाली. १९१२चा कायदा तर मनोरुग्णाला सरळ 'वेडा'च म्हणायचा आणि तो १९८७चा कायदा येईपर्यंत टिकला. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही मनोरुग्णालयांची गावं. 'याला येरवड्याला धाडा' ही आपल्याकडं शिवी झाली. जिथं जाणंच शिवी ठरतं, तिथं आपलं माणूस कोण नेईल? दर्गा मात्र जवळ होता. तिथं फुफीसोबत अम्मी राहू शकत होती. कुणी शिक्का मारत नव्हतं, केसपेपर मागत नव्हतं. लोक तिथं केवळ अंधश्रद्धेपोटी जातात असं म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही.

गुजरातमधल्या उनावा गावी मीरा दातार दर्ग्यात २००८च्या सुमारास हे कुणाच्या तरी लक्षात आलं. 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं आणि दर्ग्यातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. मुजावर दुआ करतो आणि औषधासाठी डॉक्टरकडं पाठवतो. श्रद्धेला धक्का न लावता उपचार माणसाच्या वाटेवर आणून ठेवला. मला यात जुन्या बीमारिस्तानची खरी आठवण दिसते.

आता कायदाही बाजूनं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधण्यावर बंदी घातली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आहे. २०२२पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू आहे. तरी आमच्या मोहल्ल्यात हे किती जणांना ठाऊक आहे?

फुफीला अखेर आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. काही महिन्यांत ती रात्री झोपू लागली. आजही ती दर्ग्याला जाते, गोळीही घेते. पण गोळ्यांची पट्टी ती मसाल्याच्या डब्यामागं लपवते. ब्लड प्रेशरची मात्र उघड्यावर असते.

गेल्या रमजानमध्ये मी आमच्या मशिदीच्या कमिटीपुढं एक विनंती ठेवली. नमाजच्या वेळांच्या फलकाखाली १४४१६ हा क्रमांक लिहावा आणि महिन्यातून एका जुम्याला या विषयावर दहा मिनिटं बोलावं. एक बुजुर्ग म्हणाले, ''लोक म्हणतील, या मोहल्ल्यात पागल जास्त आहेत.'' बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतला एक रिक्षावाला उठला आणि म्हणाला, ''लिहा चाचा. माझ्या घरी लागतो.''

क्रमांक लिहिला गेला. जुम्याचं अजून ठरायचं आहे. तुमच्या मोहल्ल्यातला फलक एकदा पाहा. तिथं अजून जागा असेल.