उतरत्या छपराखालील खोलीतील खिडकीची उंची
वरच्या मजल्यावरील उतरत्या छपराच्या खोलीत खिडकी किती उंचीवर असावी, हे घर बाहेरून कसे दिसते यापेक्षा आतल्या माणसाच्या नजरेवरून ठरवणे योग्य. खुर्चीत बसलेल्याची नजर जमिनीपासून सुमारे 1.2 मीटरवर असते. त्यामुळे खालची कड 0.9 मीटरच्या आसपास आणि वरची 2 मीटरवर ठेवली, तर बसून व उभे राहूनही बाहेरचे दिसते. मात्र छपरातच बसवलेल्या खिडकीत हे 1.1 मीटरचे उभे अंतर उतारावर वाढते: 45 अंशांना तिची लांबी सुमारे 1.55 मीटर लागते, तर 30 अंशांना 2.2 मीटर. वरून काढलेल्या नकाशात हा फरक हमखास निसटतो. उभा छेद काढल्याशिवाय खिडकी निवडूच नये.

मुलांच्या सुरक्षेसाठी कड आणखी वर न्यावी, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आगीत हीच खिडकी सुटकेची वाट ठरू शकते. इंग्लंडच्या इमारत-नियमांच्या मार्गदर्शिकेत अशा खिडकीच्या उघडणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून 1.1 मीटरपेक्षा उंच नसावी, असे म्हटले आहे. पडण्याची भीती मोठ्यांना सहज काढता येणाऱ्या अडणीने कमी करता येते. गळतीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोकणातील पावसात कौलारू छपराला पाडलेले प्रत्येक भोक जोखमीचे. तेथील काचेची कौले उजेड देतात, पण वारा किंवा बाहेरचे दृश्य देत नाहीत. दुपाखी घरात त्यासाठी टोकाच्या त्रिकोणी भिंतीतली उभी खिडकीच बरी.